आधी काटा, मग पाना: डोंगरातली स्नोमोबिल हलकी करताना

भुसभुशीत बर्फात रुतलेली स्नोमोबिल उपसताना तिचं वजन जसं कळतं, तसं कुठल्याही कॅटलॉगात कळत नाही. मागचा बंपर दोन्ही हातांनी धरायचा, पायाखालचा बर्फ तुडवून घट्ट करायचा, एक-दोन-तीन म्हणून जोर लावायचा, आणि मशीन सरकतं चार बोटं. दिवसातून तीनदा असं झालं की रात्री मोटेलच्या खोलीत बसून सगळे एकच गोष्ट शोधतात: हलका सायलेन्सर, टायटॅनियमचे बोल्ट, कार्बनचं हूड. मीही शोधलं, घेतलं, आणि त्यातले निम्मे पैसे बर्फात घातले. तुमचे वाचावेत म्हणून हा लेख.

मी कॅनडात, कॅलगरीत राहतो. हिवाळ्यात जमेल तसं रॉजर्स पासचा घाट ओलांडून रेव्हलस्टोक गाठतो. अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास, पण ॲव्हलांचच्या (हिमस्खलनाच्या) कामासाठी रस्ता बंद केला तर किती तास लागतील याची खात्री नाही. तिथले बोल्डर माउंटन आणि फ्रिस्बी रिज हे डोंगर स्नोमोबिलवाल्यांची पंढरीच. तुम्ही गुलमर्गला चालकाच्या मागे बसून स्नोमोबिलची चक्कर मारली असेल, तर इथे ज्या यंत्राबद्दल बोलतोय ते तसं नव्हे. डोंगरी स्लेडचा (इथे स्नोमोबिलला स्लेडच म्हणतात) ट्रॅक, म्हणजे खाली फिरणारा रबरी पट्टा, लांबलचक, त्यावर अडीच-तीन इंच उंचीच्या रबरी लग, म्हणजे दाते, स्कींमधलं अंतर कमी, आणि पोटात बहुतेक वेळा ८५० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. आरएक्स १०० ज्यांनी हाताळली आहे त्यांना त्या आवाजाची आणि निळसर धुराची ओळख करून द्यायला नको.

पहिली पायरी: स्लेड काट्यावर चढवा

कंपन्या जाहिरातीत देतात ते ‘ड्राय वेट’. म्हणजे पेट्रोल नाही, ऑइल नाही, कूलंट नाही, तुमची पिशवी नाही. ८५० सीसीच्या, १५४ ते १६५ इंची ट्रॅकच्या स्लेडसाठी हा आकडा साधारण १९० ते २१० किलोच्या घरात असतो. या आकड्याची स्लेड डोंगरावर कोणीच चालवत नाही.

खरं वजन घरीच काढता येतं. बाथरूममधले चार साधे वजनकाटे शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून गोळा करा. गॅरेजच्या सपाट फरशीवर प्रत्येक स्कीखाली एक काटा, आणि मागे ट्रॅकखाली एक जाड फळी आडवी टाकून तिच्या दोन टोकांखाली एकेक काटा. फळीचं वजन आधी वजा करायला विसरू नका. पुढच्या काट्यांवरही त्याच जाडीचे लाकडी तुकडे ठेवा, नाहीतर नाक खाली जाऊन पुढचा आकडा फुगतो. सकाळी निघताना स्लेड जशी असते अगदी तशीच ठेवायची: टाकी भरलेली, बॅग बांधलेली. आणि हो, बर्फ न काढता.

माझी स्लेड कागदावर २०४ किलोची. काट्यांची बेरीज आली २६९. मी दोनदा बेरीज केली. मग एकेक वस्तू उतरवत हिशोब मांडला: ३६ लिटर पेट्रोल २७ किलो (पेट्रोल लिटरमागे पाऊण किलोच्या जरा आतच भरतं), ऑइल आणि कूलंट मिळून ७, मागची बॅग ११, जादा पेट्रोलचा दहा लिटरचा कॅन त्याच्या पट्ट्यासकट ९. उरलेले ११ किलो म्हणजे आदल्या फेरीचा बर्फ. टनेलच्या (ट्रॅकवरच्या धातूच्या लांब खोक्याच्या) आत, रनिंग बोर्डच्या (पाय ठेवायच्या पट्ट्यांच्या) भोकांत, स्कीवर, सस्पेन्शनच्या सांध्यांत गोठून बसलेला. एकूण ६५ किलो, आणि माझं स्वतःचं वजन ६४. म्हणजे गेली काही वर्षं मी माझ्याच वजनाचा आणखी एक माणूस मागे बसवून डोंगर चढत होतो, आणि बोल्ट बदलून दोनशे ग्रॅम वाचवल्याचा आनंद मानत होतो.

हे आकडे एका वहीत लिहा. पुढचं सगळं या वहीवर चालतं.

दुसरी पायरी: फुकटचे किलो

सगळ्यात स्वस्त अपग्रेड म्हणजे रबरी हातोडा. दुपारच्या जेवणाला थांबलात की आणि संध्याकाळी ट्रेलरवर चढवण्याआधी रनिंग बोर्ड आणि टनेल ठोकून साफ करा. लोखंडी हातोडा किंवा स्क्रूड्रायव्हर वापरू नका. टनेलच्या पोटात कूलंट थंड करणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात, त्यांना भोक पडलं तर दिवस संपला. कोरड्या टनेलला आतून सिलिकॉन स्प्रे मारला की बर्फ कमी चिकटतो, पण फवारा ब्रेकच्या डिस्कवर जाऊ देऊ नका. रात्री स्लेड उघड्या ट्रेलरवर ठेवण्यापेक्षा बंद ट्रेलर किंवा गरम गॅरेज मिळालं तर उत्तमच. नाही मिळालं तर निदान ओला बर्फ गोठण्याआधी काढा. पंधरा मिनिटांचं काम आहे. रात्रभर गोठल्यावर त्याच कामाला तास लागतो आणि वर बोटं बधिर होतात.

पेट्रोलचा हिशोब एक तृतीयांशाने करावा: एक भाग जायला, एक यायला, एक राखीव. खोल बर्फात दिवसभर खेळूनही माझा हा हिशोब बहुतेक वेळा ३६ लिटरच्या टाकीत बसतो. म्हणजे टाकी भरलेली हवीच, पण जादा कॅन बहुतेक दिवशी निव्वळ ओझं. तोही टनेलच्या शेपटाला, जिथे वजन सगळ्यात जास्त जाणवतं. लांबच्या फेरीला तो घ्या, रोज नको.

मग बॅग उलटी करा. माझ्या बॅगेत काय निघालं सांगतो: तीन वेगवेगळे पान्यांचे सेट, अर्धा लिटरचे दोन थर्मास, मागच्या वर्षीच्या चिवड्याचं पाकीट, आणि एक कुलूप, ज्याची चावी घरी होती. स्लेडसोबत येणारा पान्यांचा संच, स्पार्क प्लग, क्लच उघडायचं हत्यार, ओढायचा पट्टा, छोटी घडीची करवत, चिकटपट्टी आणि जोडपट्ट्या एवढं पुरतं. जादा ड्राइव्ह बेल्ट मात्र हवाच. तो किलोभराचा असतो, आणि त्या किलोवरून कधीही घासाघीस करू नका.

एवढ्यावर माझे २३ किलो गेले. खर्च एका रबरी हातोड्याचा.

इथेच एक गोष्ट ठळक सांगायला हवी. ट्रान्सीव्हर (गाडलेला माणूस शोधायचं सिग्नलचं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी), फावडं, प्रथमोपचाराची पेटी, सॅटेलाइटवरून संदेश पाठवायचं यंत्र, ही सगळी ‘वजन’ या सदरात येतच नाहीत. ट्रान्सीव्हर अंगावर, आणि फावडं-प्रोब पाठीवरच्या पिशवीत. स्लेडच्या बॅगेत नाही. ॲव्हलांच आला तर माणूस आणि स्लेड एका जागी सापडतील असं नसतं, आणि मित्राला खणून काढायचं फावडं गाडल्या गेलेल्या स्लेडमध्ये असून उपयोग काय? १३ मार्च २०१० ला याच बोल्डर माउंटनवर भरलेल्या मेळाव्यावर बर्फाचा कडा कोसळला, दोघे गेले, तीसेक जण जखमी झाले. ॲव्हलांच कॅनडा या संस्थेचं धोक्याचं बुलेटिन सकाळी वाचल्याशिवाय आमच्या गटातलं कोणी इंजिन सुरू करत नाही.

तिसरी पायरी: कुठला किलो काढायचा ते ठरवा

सगळे किलो सारखे नसतात. टाकीच्या खाली मधोमध असलेला किलो जवळजवळ जाणवत नाही. तोच किलो हँडलच्या उंचीवर किंवा टनेलच्या टोकाला असला की उतारावर आडवं जाताना खांदे भरून येतात. डोंगरात निम्मा वेळ स्लेड एका कुशीवर कलवून, एका स्कीवर तोलून चालवायची असते. त्या वेळी वरचं वजन तुमच्याविरुद्ध काम करतं. डोक्यावर हंडा घेऊन बांधावरून चालणं आणि तोच हंडा कमरेवर घेणं, यात जो फरक, तोच हा.

फिरणारं वजन ही दुसरी जात. ट्रॅक, ड्राइव्ह शाफ्ट, क्लच, ब्रेकची डिस्क. ते नुसतं वाहायचं नसतं, प्रत्येक वेळी थ्रॉटल दाबलं की फिरवायचंही असतं. म्हणून तिथला एक किलो बाहेरच्या एका किलोपेक्षा महागाचा. स्की, स्पिंडल आणि शॉकचा खालचा भाग ही तिसरी जात: ते स्प्रिंगच्या खालचं वजन, हलकं झालं की स्लेड खडबडीत वाटेवर कमी आपटते.

आणि एक फसवी बाब. हलक्या सुट्या भागांपैकी बरेचसे पुढच्या बाजूचे असतात: सायलेन्सर, बॅटरी, हूड, स्की. सगळं पुढूनच काढलं तर खड्या चढावर नाक उचलायला लागतं, स्की बर्फाला टेकत नाहीत, स्टिअरिंग बोलेनासं होतं. मग स्लेड हलकी झाली असूनही वाईट चालते. यावर उपाय आहे आणि तोही फुकट: सस्पेन्शनच्या पुढच्या भागात लिमिटर नावाचा पट्टा असतो, तो एक भोक आवळला की पुढे दाब वाढतो. म्हणून वहीत पुढचा आणि मागचा आकडा वेगळा लिहायचा.

चौथी पायरी: सुटे भाग घेण्याआधी स्लेड लावून घ्या

हा भाग लोक वगळतात, कारण यात खोक्यातून काही चकचकीत बाहेर येत नाही. माझं मत विचाराल तर निम्मा फरक इथेच आहे.

स्नोमोबिलचा क्लच म्हणजे आपल्या ॲक्टिवाच्या व्हेरिएटरचा थोरला भाऊ. पुढची पुली, मागची पुली, मध्ये बेल्ट. पुढच्या पुलीत वजनाचे हात आणि स्प्रिंग, मागच्या पुलीत स्प्रिंग आणि हेलिक्स नावाची तिरकी खाच. इंजिनाचे फेरे वाढले की वजनं बाहेर फेकली जातात, पुली आवळते, बेल्ट वर चढतो, गिअर उंचावतो. ही वजनं एका ठरावीक ताकदीसाठी जुळवलेली असतात. आता डोंगर चढा. दर ३०० मीटरला हवा विरळ होत जाते आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची साधारण तीन टक्के ताकद जाते. २,३०० मीटरवर १६५ हॉर्सपॉवरच्या इंजिनाकडे जेमतेम १२७ उरतात. नव्या इंजिनांमधला संगणक पेट्रोलचं प्रमाण आपोआप जुळवतो, पण क्लचमधल्या वजनांना उंची कळत नाही. ती तशीच जड राहतात, इंजिनाला दाबून धरतात, आणि माणूस म्हणतो, “स्लेड जड आहे.”

तपासायचं असं. ताज्या बर्फावर, मोकळ्या आणि ॲव्हलांचच्या दृष्टीने सुरक्षित चढावर, इंजिन नीट तापल्यावर थ्रॉटल पूर्ण दाबून आठ-दहा सेकंद धरा. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा कुठे स्थिरावतो ते बघा. तुमच्या इंजिनाचे जास्तीत जास्त ताकदीचे फेरे मॅन्युअलमध्ये दिलेले असतात. काटा त्याच्या खाली राहिला तर वजनं जड आहेत, कमी करा. वर गेला तर हलकी आहेत, वाढवा. एकावेळी ग्रॅमभरच बदला. एवढ्यानेही काटा हलतो. कंपन्यांचे उंचीनुसार तक्ते असतात, सुरुवात तिथून करा. पुलीचे पृष्ठभाग बारीक घासणीने आणि स्पिरिटने पुसा, बेल्टची ढिलाई मॅन्युअलप्रमाणे ठेवा. जोरदार चढाईनंतर इंजिन बंद करून मागच्या पुलीवर हात ठेवून बघा. दोन-तीन सेकंद ठेवता आला तर ठीक. चटका बसला तर बेल्ट घसरतोय आणि तुमची ताकद उष्णतेत चालली आहे.

मग सस्पेन्शन. कारखान्यातून येणारी स्प्रिंग एखाद्या धिप्पाड माणसाला समोर ठेवून लावलेली वाटते. आपल्या अंगकाठीच्या माणसाला ती बऱ्याचदा कडक पडते, मागचा भाग बसतच नाही, आणि वजन नको तितकं स्कीवर राहतं. पूर्ण कपडे, बूट, पाठीवरची पिशवी घालून स्लेडवर उभे राहा आणि मागचा बंपर किती खाली बसतो ते मित्राला टेपने मोजायला सांगा. मग प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवरचा आधीचा ताण, कमी-जास्त करा. हवेवरचे शॉक असतील तर काम आणखी सोपं: छोट्या पंपाने दाब बदलायचा. आणि हे बाहेर थंडीत करा, कारण गरम गॅरेजमध्ये लावलेला दाब उणे वीसमध्ये उतरलेला असतो.

ट्रॅकचा ताण, हँडलची उंची ही कामं अर्ध्या तासाची. करून टाका.

पाचवी पायरी: आता खिशात हात घाला

प्रत्येक वस्तूपुढे वहीत एकच आकडा लिहा: एक किलो कमी करायला किती डॉलर. उदाहरणादाखल, पाचशे डॉलरचा सायलेन्सर साडेचार किलो वाचवत असेल तर किलोमागे एकशे दहा. तीनशे डॉलरचे टायटॅनियम बोल्ट चारशे ग्रॅम वाचवत असतील तर किलोमागे साडेसातशे. एवढं मांडलं की निम्म्या वस्तू आपोआप यादीतून गळतात.

सायलेन्सर बहुतेक स्लेडवर पहिल्या क्रमांकाला येतो. मूळचा जाडजूड आणि जड असतो, हलका घेतला की चार-पाच किलो सहज जातात, तेही पुढून आणि वरून. पण आवाज वाढतो. आपल्या शहरांत पोलिसांनी बुलेटच्या सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवल्याचे फोटो आठवा. इथे रोडरोलर येत नाही, पण आवाजामुळे गावकरी वैतागतात आणि मग वाटा बंद होतात. अनेक भागांत आवाजाची मर्यादा आहे, ती आधी बघा. शांत जातीचे हलके सायलेन्सरही मिळतात, किलोभर कमी वाचतो, तोच घ्या. फक्त शेवटचा डबा बदलला तर सहसा इंजिनाचं गणित बिघडत नाही, तरी विकणाऱ्याकडून तुमच्या मॉडेलसाठी खात्री करून घ्या. त्याच्या आधीचा फुगीर पाइप बदललात तर मात्र पेट्रोलचं प्रमाण नव्याने लावावं लागतं. ते न करता चालवलं तर मिश्रणात पेट्रोल कमी पडून पिस्टन चिकटतो. आरएक्सवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

बॅटरी. साधी लेड-ॲसिड पाच ते आठ किलोची, लिथियमची दोनच्या आसपास. किलोमागे खर्च सायलेन्सरच्या जवळपास. मी घेतली आणि पहिल्याच फेरीत, उणे २७ मध्ये, स्टार्टर नुसता कण्हला. सगळे हेल्मेट चढवून तयार, आणि मी दोरी शोधतोय. लिथियम बॅटरी थंडीत झोपते. आधी दोन-तीन मिनिटं हेडलाइट किंवा हँडलचे हीटर लावून तिच्याकडून थोडा करंट काढला की ती आतून गरम होते आणि मग जोर लावते. हे मला दुकानात कोणी सांगितलं नव्हतं. तुमच्या मॉडेलला हाताने ओढायची दोरी नसेल तर लिथियमचा विचार दोनदा करा. स्की-डूने २०१८ च्या मॉडेलांपासून एक वेगळी युक्ती काढली: बॅटरीच नाही, दिवसाचं पहिलं इंजिन दोरीने सुरू करायचं, मग ते एक कपॅसिटर चार्ज करतं आणि पुढच्या वेळी बटणावर सुरू होतं. नवी स्लेड घेत असाल तर हा पर्याय बघा, यात वजन मुळातच वाचतं.

रनिंग बोर्ड. वजनात फार फरक नाही, पण मोठ्या भोकांचे बोर्ड बर्फ धरत नाहीत. दुसऱ्या पायरीतले ते अकरा किलो आठवा. बूटही घसरत नाहीत. माझ्या यादीत हे सायलेन्सरच्या बरोबरीने.

सीट, हूड, बाजूचे पत्रे. सीट हलकी आणि अरुंद घेतली तर एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला उडी मारणं सोपं होतं, तो फायदा वजनापेक्षा मोठा. हवा खेळवणारी जाळीची झाकणं बेल्टला थंड ठेवतात. कार्बनचं हूड सुंदर दिसतं, एवढंच.

शॉक. जड स्प्रिंगांऐवजी टायटॅनियमच्या स्प्रिंगा किंवा हवेचे शॉक घेतले तर काही किलो जातात. पैसे बरेच लागतात, पण वजन वाचलं नाही तरी चांगला शॉक पैसे वसूल करतो.

ट्रॅक. हा सगळ्यात मोठा निर्णय, आणि इथे वजन हा दुय्यम प्रश्न आहे. लांब ट्रॅक म्हणजे बर्फावर जास्त पसरलेलं वजन, जास्त तरंगणं. आखूड ट्रॅक म्हणजे चपळ वळणं, झाडांमधून सहज वाट काढणं, आणि कमी फिरतं वजन. शंभर किलोच्या इथल्या मित्राला १६५ किंवा १७५ इंची हवीच. साठ-पासष्ट किलोच्या माणसाला १५४ वर तेच तरंगणं मिळतं आणि खांदे वाचतात. मी १६५ घेतली ती मित्रांचं ऐकून. आज घेतली तर १५४ घेईन. लग तीन इंची असली तर खोल भुशीत पकड जबरदस्त, पण वसंतातल्या कडक बर्फावर थरथर आणि उष्णता. बहुतेकांना अडीच-पावणेतीन बरी. आहे त्या स्लेडवर लांबी बदलायला टनेल, रेल (ट्रॅकच्या आतल्या लांब दांड्या) सगळं बघावं लागतं. त्या खर्चात अनेकदा स्लेड बदलणं परवडतं.

साखळीच्या पेटीऐवजी बेल्टवर चालणारा ड्राइव्ह हाही फिरतं वजन कमी करायचा मार्ग. पोलारिसने २०१३ च्या डोंगरी मॉडेलांत तो कारखान्यातूनच दिला. नंतर बसवायला महाग पडतो.

आणि टर्बो? तो वजन वाढवतो, पण उंचीवर हरवलेली ताकद परत देतो. स्की-डूने २०२० च्या समिटमध्ये टू-स्ट्रोकवर कारखान्यातूनच टर्बो दिला, पोलारिसचा २०२२ च्या मॉडेलांत आला. तुम्ही बहुतेक वेळ पंधराशे-अठराशे मीटरच्या खाली असाल तर त्याची गरज नाही. सतत दोन हजारांच्या वर असाल तर दहा हलक्या भागांच्या बेरजेपेक्षा एक टर्बो जास्त जाणवेल. पेट्रोल मात्र प्रीमियम, आणि भूक मोठी.

सहावी पायरी: जिथे हात लावू नये

एका मार्चअखेरीस मी सस्पेन्शनमधली दोन छोटी चाकं काढून टाकली. दोन्ही मिळून किलोच्या आसपास, फुकट, शिवाय फिरतं वजन. आठवडाभर मजा आली. मग ऊन पडून गोठलेली, काचेसारखी वाट. रेलखाली प्लास्टिकची पट्टी असते, तिला इथे हायफॅक्स म्हणतात, ट्रॅक तिच्यावरून घसरत जातो. मोकळा बर्फ उडत असला की ती ओली आणि थंड राहते. कडक वाटेवर बर्फ उडत नाही, आणि मी तर भार वाहणारी चाकंच काढली होती. आधी गरम इस्त्री नायलॉनला लागल्यासारखा वास आला. मग स्लेड ओढल्यासारखी वाटू लागली. थांबून कलती केली तर डावी पट्टी वितळून ट्रॅकच्या क्लिपांना काळ्या च्युइंगमसारखी चिकटलेली, आणि इंजिनाचं तापमानही वर, कारण टनेलमधला कूलंटही त्याच उडत्या बर्फावर थंड होतो. उरलेली वाट दर पाचशे मीटरला थांबून, कडेचा भुसभुशीत बर्फ तुडवत काढली. चाकं परत बसवली, आणि वर रेलवर स्क्रॅचर नावाच्या दोन तारा लावल्या, ज्या कडक बर्फ खरवडून आत उडवतात. म्हणजे एक किलो काढून सव्वा किलो चढवला.

मागचा बंपर बारीक करू नका. रुतल्यावर तोच तुमचं हँडल. हलका घेतलाच तर दोन माणसांनी धरून ओढता येईल असा घ्या. मागची रबरी झडप पूर्ण कापू नका, ती उडणारा बर्फ आत अडवून थंडावा देते. टनेलमध्ये हौसेने भोकं पाडू नका, चिरा तिथूनच सुरू होतात. पडल्यावर इंजिन बंद करणारी दोरी, ब्रेक, मागचा लाल दिवा यांना हात नाही. ब्रिटिश कोलंबियात सरकारी जमिनीवर स्लेड चालवायला नोव्हेंबर २०१५ पासून नोंदणी सक्तीची आहे, तेव्हा नंबरप्लेटही ठेवा. आमच्यातल्या एकाने तीही काढली होती, वजनासाठी म्हणे!

सातवी पायरी: पुन्हा काट्यावर

एका वेळी एकच बदल. सायलेन्सर, लिमिटर आणि क्लच एकाच शनिवारी बदलले तर फरक कशाने पडला ते कळणार नाही. प्रत्येक बदलानंतर पुन्हा चार काटे, पुढचा-मागचा आकडा, आणि त्याच चढावर पुन्हा फेऱ्यांची चाचणी.

जोडणीत दोन खबरदाऱ्या. टायटॅनियम किंवा स्टेनलेसचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये कोरडा कधी आवळू नका, आटे एकमेकांना चिकटून बसतात. चिकटू न देणारी पेस्ट लावा. आणि जिथे मॅन्युअल आटे पक्के करणारा द्रव सांगतं तिथे तोच, टॉर्क पाना वापरून. अंदाजाने आवळलेला बोल्ट टू-स्ट्रोकच्या थरथरीत फार दिवस टिकत नाही.

नवीन बसवलेल्या प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवा. पहिल्या फेरीनंतर, बर्फ ठोकून काढत असतानाच, टॉर्च मारून रेघा बघा. जिथे रेघ मोडलेली दिसेल तो बोल्ट फिरला आहे.

माझ्या वहीतला शेवटचा आकडा २३८ आहे. त्यातले आठ किलो पैसे खर्चून उतरवलेले.